हमाल न आलेल्या दिवशी

या खेपेला पत्रं जास्त आणि पानं कमी. कारल्याचा रस, मोबाईलचा टॉवर आणि चिमण्या, पावसाळ्यातच गुडघे का दुखतात, हे सगळं पुढच्या अंकावर ढकललं आहे. रागावू नका. औशाहून आलेलं एक पत्र वाचलं आणि मला माझ्या वर्गातली एक जुनी उधारी आठवली. ती फेडायला आज जरा जास्त जागा घेतो.

प्रश्न : सर, नमस्कार. माझ्या सासूबाईंचं दीड वर्षापासून लातूरला डायलिसिस चालू आहे, आठवड्यातून दोनदा. त्यांना रक्त वाढायचं इंजेक्शन देतात आणि मधूनमधून लोहाचं सलाईन लावतात. बिघडली किडनी, तर रक्त का कमी व्हावं? शेजारच्या काकू म्हणतात, मशिनीत रक्त जातं म्हणून. डॉक्टर म्हणाले, ऑक्सिजन कमी पडला की किडनीला कळतं आणि मग रक्त तयार होतं. मला हेच कळत नाही, की किडनीला कळतं कसं?
– एक वाचक भगिनी, औसा

उत्तर : ताई, शेजारच्या काकूंचं म्हणणं अगदीच खोटं नाही. डायलिसिसच्या नळ्यांत आणि गाळणीत दर खेपेला थोडं रक्त अडकून राहतं, तपासणीलाही जातं. पण किडनीच्या पुष्कळ पेशंटांचं हिमोग्लोबिन मशिनीचं तोंड पाहण्याआधीच उतरलेलं असतं. खरी अडचण हुकमाची आहे.

तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात. जुन्या मोडीत निघतात, हाडांतल्या मगजात नव्या तयार होतात, दर सेकंदाला २० लाखांच्या वर. हा कारखाना स्वतःच्या मनानं चालत नाही. किती माल काढायचा याचा हुकूम किडनीतून येतो. त्या हुकमाचं नाव एरिथ्रोपोएटिन. तोंडात बसत नाही, म्हणून ईपीओ म्हणू. सासूबाईंना सहसा देतात ते इंजेक्शन म्हणजे हाच हुकूम, बाहेर तयार करून आणलेला.

या ईपीओचा माग काढण्याची गोष्ट मोठी गमतीची आहे. १९०६ साली फ्रान्समध्ये कार्नो नावाचे डॉक्टर आणि त्यांच्या सहकारी देफ्लांद्र यांनी एका सशाचं रक्त काढलं. रक्त गेलेल्या त्या सशाच्या रक्तातलं पाणी दुसऱ्या धडधाकट सशाला टोचलं, तर दुसऱ्याच्या तांबड्या पेशी वाढल्याचं त्यांनी नोंदवलं. म्हणजे रक्तातून काहीतरी निरोप फिरतो. माणसाच्या शरीरातला तो निरोप शुद्ध स्वरूपात हाती यायला पुढं ७१ वर्षं गेली. मगज निकामी झालेल्या जपानी रोग्यांची २,५५० लिटर लघवी त्यासाठी जमवावी लागली. त्यांचीच का? कारण त्यांचा कारखाना बंद पडलेला आणि किडनी मात्र हुकमावर हुकूम सोडत होती. न पाळलेले हुकूम लघवीतून वाहून जात होते. नोबेलच्या भाषणांत झगमगाट असतो, पण त्याच्या मुळाशी कुठंतरी अशी पिंपं असतात.

आता तुमचा खरा प्रश्न. मी ३१ वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवलं. दरवर्षी फळ्यावर किडनी काढायची आणि सांगायचं, "इथं ऑक्सिजन मोजणारी यंत्रणा असते." नव्वदीच्या सुरुवातीला कधीतरी मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "सर, कशानं मोजते?" मी म्हणालो, "ते तुला पुढं मेडिकलला कळेल." साफ थाप. तेव्हा ते मेडिकलच्या पुस्तकांतही नव्हतं. आणि माझं फळ्यावरचं वाक्यसुद्धा चुकीचंच होतं. पेशीत ऑक्सिजनचा काटा असा कुठंच नसतो. जे असतं ते मी शाळकरी वयात रोज डोळ्यांनी पाहत होतो, पण पेशीत नाही, धान्याच्या मोंढ्यात.

माझे वडील लातूरच्या मोंढ्यात एका आडतीवर मुनीम होते. सुट्टीत मी गादीच्या कडेला बसून कट्टे मोजायचो. सकाळपासून गाड्या लागायच्या, तूर, हरभरा, करडई. ओट्यावर माल उतरायचा, सौदा व्हायचा, हमाल कट्टे पाठीवर घेऊन डाळमिलला नाहीतर गोदामाला पोचते करायचे. संध्याकाळी ओटा स्वच्छ. माल आलाच नाही म्हणून नव्हे, आला तेवढा उचलला म्हणून. ज्या दिवशी हमालांनी काम बंद ठेवलं, त्या दिवशी दुपारपर्यंत थप्प्या रस्त्याला टेकायच्या. आमचे आण्णा चष्माही वर न करता म्हणायचे, "आज हमाल नाहीत." त्यांनी हमाल मोजलेलेच नसायचे. थप्पी बघितलेली असायची.

पेशीत हिफ नावाचं एक प्रथिन आहे. पेशी ते दिवसभर बनवत असते, ऑक्सिजन भरपूर असो की नसो. पण ऑक्सिजन पुरेसा असेल तर बनलेलं हिफ पाचेक मिनिटांत मोडून टाकलं जातं. ओटा रिकामा. हे मोडणं एका एन्झाइमच्या हाती आहे. नाव लांबलचक, प्रोलिल हायड्रॉक्सिलेज. त्याला आपण शिक्केवाला म्हणू. तो हवेतल्या ऑक्सिजनचा एक रेणू घेतो, त्यातला एक अणू हिफवरच्या ठरलेल्या जागी ठोकतो आणि दुसरा अणू साखरेच्या ज्वलनात तयार होणाऱ्या एका छोट्या रेणूच्या माथी मारतो. म्हणजे बघा, शिक्का उमटवायची शाईच ऑक्सिजनची आहे. शिक्का बसला की व्हीएचएल नावाचा मुकादम पुढं येतो. तो बिनशिक्क्याच्या कट्ट्याला हात लावत नाही. शिक्क्याचा दिसला की त्याला चिठ्ठी लावतो आणि पेशीच्या भरडगिरणीकडं रवाना करतो.

ऑक्सिजन उतरला की शाई संपते. शिक्का नाही, म्हणून मुकादम ढिम्म. हिफची थप्पी लागते. मग ते हिफ आपल्या जोडीदाराला घेऊन पेशीच्या केंद्रकात शिरतं, जनुकांवर जाऊन बसतं, आणि ईपीओचं जनुक कामाला लागतं. (हिफची भावंडं आहेत. किडनीत ईपीओचा हुकूम मुख्यतः दुसऱ्या नंबरचं भावंड सोडतं. एवढा तपशील पुरे.)

दिवसभर बनवायचं आणि दिवसभर मोडायचं, ही उधळपट्टी नाही का? मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण ऑक्सिजन कमी पडल्यावर हिफ पहिल्यापासून बनवायला बसायचं, तर त्यातच वेळ जाईल, आणि ऐन अडचणीच्या वेळी बनवायला ताकद लागेल ती वेगळीच. इथं काही नवं करावंच लागत नाही. मोडणं थांबलं की झालं.

हा उलगडा तिघांनी तीन टोकांकडून केला. बाल्टिमोरच्या ग्रेग सेमेन्झा यांनी ईपीओच्या जनुकाशेजारचा तुकडा धरून हिफ शोधलं. ऑक्सफर्डचे पीटर रॅटक्लिफ हे मूळचे किडनीचे डॉक्टर. त्यांच्या गटाला दिसलं, की हा कारभार फक्त किडनीत नाही, शरीरातल्या जवळजवळ सगळ्या पेशींत आहे. बॉस्टनचे विल्यम केलिन कॅन्सरवाले. ते अशा घराण्यांचा अभ्यास करत होते, जिथं तो मुकादम जन्मतःच बिघडलेला असतो. त्यांच्या गाठी रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेल्या असतात, जणू ऑक्सिजनचा दुष्काळ पडलाय, आणि प्रत्यक्षात तो भरपूर असतो. २००१ साली शिक्का ऑक्सिजनचा आहे हे पक्कं झालं, २०१९ साली तिघांना मिळून वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. मी निवृत्त झालो होतो. ती मुलगी आता पन्नाशीच्या घरात असेल.

मग हुकमासाठी किडनीच का, असं तुम्ही विचाराल. हृदयातून निघालेल्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा किडन्यांकडं जातो. तिथं गंमत अशी, की रक्त जास्त आलं की गाळायचं कामही वाढतं, आणि कामाबरोबर ऑक्सिजनचा खर्चही. जमाखर्च जवळपास सारखा राहतो. त्यामुळं तिथला ऑक्सिजन उतरला, तर रक्ताचा प्रवाह कमी झाला म्हणून नव्हे, रक्तच पातळ झालं म्हणून, असा अर्थ बहुधा निघतो. पायाच्या स्नायूला ही चौकशी सोपवली असती, तर तुम्ही जिना चढलात की लगेच रक्त वाढवायचा हुकूम सुटला असता.

सासूबाईंच्या किडनीत झालंय असं, की हुकूम सोडणाऱ्या पेशी हळूहळू चिवट तंतू विणायच्या नादी लागल्या आहेत. शिक्केवाला आहे, मुकादम आहे, पण हुकूमच पुरेसा निघत नाही. म्हणून बाहेरून इंजेक्शन. लोह कशाला, तर हुकूम आला तरी हिमोग्लोबिन बनवायला लोह लागणारच. विटा नसताना गवंड्यावर ओरडून भिंत उभी राहत नाही.

आता गोळ्याही निघाल्या आहेत. त्या शिक्केवाल्याचाच हात धरतात. ऑक्सिजन असूनही शिक्का बसत नाही, हिफ साचतं आणि शरीर स्वतःचा ईपीओ काढू लागतं. अशी पहिली गोळी २०१८ साली चीनमध्ये मंजूर झाली. डेसिडुस्टॅट ही भारतात शोधलेली गोळी आपल्याकडं २०२२ पासून आहे. या गोळ्या सासूबाईंना चालतील का, हे त्यांचे फाईल बघणारे डॉक्टर सांगतील, मी नाही. एक मात्र ऐका. "यांचं हिमोग्लोबिन ११ च का, शेजारच्या पेशंटचं १३ आहे" असा हट्ट धरू नका. किडनीच्या रोग्यांत इंजेक्शननं हिमोग्लोबिन १३ च्या वर नेऊन पाहिलं, तेव्हा लकव्याचा धोका वाढलेला दिसला. डॉक्टर मुद्दामच हात आखडता ठेवतात.

प्रश्न : सर, मी लातूरला नीटची तयारी करतो. तुमच्या मागच्या लेखात होतं, की पेशीतली कित्येक एन्झाइमं ऑक्सिजन वापरतात. मग कमी ऑक्सिजन ओळखायचं काम एकाच एन्झाइमकडं का? आणि आमच्या पुस्तकात ऑक्सिजन नसताना ग्लायकोलिसिस, म्हणजे साखर मोडण्याचा पहिला टप्पा, वाढतो तो फॉस्फोफ्रुक्टोकायनेज या एन्झाइममुळं, असं आहे. मग हिफ कशाला?
– एक विद्यार्थी

उत्तर : शाब्बास. दोन्ही प्रश्न माझ्या परीक्षेत आले असते तर मी पेपर फाडून घरी गेलो असतो.

पहिल्याचं उत्तर तुझ्या गल्लीत आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, तेव्हा तू प्राथमिक शाळेत असशील. त्या साली कुणाच्या बोअरला आधी फेस आला? ज्याचा २०० फुटांचा होता त्याच्या. ८०० फूटवाल्याला पाणी उतरलंय याचा पत्ताच नव्हता, त्याचं इंजिन भसाभस ओढत होतं. पेशीच्या वीजघरातलं, म्हणजे मायटोकॉन्ड्रियातलं, सायटोक्रोम ऑक्सिडेज हे एन्झाइम म्हणजे ८०० फुटांचा बोअर. ऑक्सिजनवर त्याची पकड इतकी घट्ट, की जवळजवळ तळ लागेपर्यंत त्याचं काम चालू राहतं. श्वसनाला हे उत्तम, पण असला गडी पाणीपातळी सांगायला कुचकामी. शिक्केवाल्याची पकड सैल आहे. तुझ्या भाषेत, ऑक्सिजनसाठी त्याचा केएम मोठा, पेशीत नेहमी असतो त्यापेक्षा बराच वर. म्हणून ऑक्सिजन थोडा जरी उतरला तरी त्याचा वेग त्या प्रमाणात पडतो. आपण समजतो घट्ट पकडीचं एन्झाइम ते चांगलं. चांगलं कशासाठी, ते आधी विचारायचं.

त्याला आणखी काय लागतं ते वहीत लिहून ठेव. फेरस रूपातलं लोह, अल्फा कीटोग्लुटारेट (वर ताईंना सांगितलेला तो छोटा रेणू), आणि लोह फेरस राहावं म्हणून क जीवनसत्त्व. हेच घराणं हिरड्या-कातडी बांधून ठेवणाऱ्या कोलॅजनवरही शिक्के मारतं, म्हणून आवळा-लिंबू महिनोन् महिने न मिळालेल्या खलाशांच्या हिरड्या गळायच्या. आणि लोहाच्या जागी कोबाल्ट घुसला की शिक्केवाला आंधळा होतो, शरीराला वाटतं ऑक्सिजन नाही. साठच्या दशकात कॅनडातल्या क्विबेकमध्ये बिअरला फेस टिकावा म्हणून कोबाल्ट घालत. ती पिणाऱ्या पुष्कळांची हृदयं निकामी झाली, आणि त्यांच्यात तांबड्या पेशी वाढलेल्याही आढळल्या.

दुसरा प्रश्न. तुझं पुस्तक बरोबर आहे, पण ते पहिल्या काही मिनिटांपुरतं. ऊर्जा संपू लागली की एटीपी हे पेशीचं ऊर्जेचं चलन उतरतं, ते खर्चून उरणारा एएमपी चढतो, आणि असलेलंच फॉस्फोफ्रुक्टोकायनेज खडबडून जागं होतं. घरात माणसं तेवढीच, फक्त हाकलून कामाला लावलेली. यीस्टला हवा दिली की ते साखर कमी खातं, हे पाश्चरनं १८६१ साली पाहिलं होतं, ते हेच. पण टंचाई तासन् तास चालली तर माणसं वाढवावी लागतात. तिथं हिफ. ते ग्लायकोलिसिसच्या बहुतेक पायऱ्यांवरची एन्झाइमं जास्त बनवायला लावतं, पेशीत साखर ओढणारी दारं वाढवतं, लॅक्टेट डीहायड्रोजनेज वाढवतं. आणि एक काम असं करतं, की ते वाचून मी खुर्चीतून उठलो होतो. पीडीके नावाचं एन्झाइम वाढवून ते पायरुव्हेट डीहायड्रोजनेजवर फॉस्फेटचं कुलूप घालतं. पायरुव्हेटला, म्हणजे अर्धवट मोडलेल्या साखरेला, मायटोकॉन्ड्रियातल्या ज्वलनाचा रस्ताच बंद. ऑक्सिजन अपुरा असताना तिकडं माल ढकलत राहिलं, तर इलेक्ट्रॉन गळतात आणि त्यातून पेशीलाच जाळणारी द्रव्यं तयार होतात. म्हणून पेशी एका ग्लुकोजमागं दोन एटीपीवर भागवते, पण ती भट्टी मंद करते. पूर्ण ज्वलनात किती मिळतात? आता ३० ते ३२ मानतात. परीक्षेत मात्र तुझ्या पुस्तकात असेल तोच आकडा लिही, वाद घालायला नंतर आयुष्य पडलंय.

प्रश्न : सर, रामराम. पूर्णेच्या काठी माझं तीन एकर काळं रान हाये. सप्टेंबरात चार दिवस गुडघाभर पाणी होतं. पाणी उतरलं, ऊन पडलं, अन् दुपारच्याला सोयाबीन न् तूर माना टाकून उभी. मुळं पाण्यात अन् झाड तहानलेलं, हे कामून? दुकानदारानं बुरशीनाशक अन् टॉनिक मिळून मोठं बिल केलं. त्यानं काय व्हतं?
– एक शेतकरी, परभणी जिल्हा

उत्तर : रामराम दादा. २०२५ च्या सप्टेंबरात आमच्या मांजराकाठी माझ्याही दोन एकरांतली तूर अशीच गेली, तेव्हा हे उत्तर बांधावर उभं राहून लिहितोय असं समजा.

झाडाची मुळंही श्वास घेतात, आणि पानांतला ऑक्सिजन सोयाबीनच्या मुळांपर्यंत पुरेसा उतरत नाही. मुळं जगतात ती मातीतल्या बारीक पोकळ्यांमधल्या हवेवर. वापसा म्हणतो तो हाच, पाणीही आहे आणि हवाही आहे. रान चिबडलं की पोकळ्या पाण्यानं भरतात. पाण्यातून ऑक्सिजन हवेपेक्षा सुमारे १०,००० पट सावकाश सरकतो. होता तेवढा मुळं आणि मातीतले जिवाणू एकदोन दिवसांत संपवतात. मग मूळ साखर अर्धवट जाळू लागतं आणि दारू तयार होते. खरंच दारू, तीच. चिबडलेल्या रानातलं रोप उपटून वास घ्या, आंबूस येतो.

अन् तहानेचं म्हणाल, तर मुळांच्या पेशींना पाणी आत घ्यायची बारीक दारं असतात. ऑक्सिजन संपला की पेशीतला रस आंबट होतो, आणि त्या आंबटपणानं ही दारं मिटतात. हे २००३ साली दाखवलं गेलं. बाहेर गुडघाभर पाणी, दार आतून लावलेलं. ढगाळ होतं तोवर निभावलं. ऊन पडलं, पानांतून पाणी उडालं, खालून येईना, म्हणून माना पडल्या. सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठीही ऑक्सिजनवरच नत्र धरतात. गाठ चिरून बघा, जिवंत असेल तर आत गुलाबी लाल दिसते, आपल्या हिमोग्लोबिनच्या चुलतभावामुळं. ती हिरवट-करडी पडली की पानं पिवळी होणारच.

वर ताईंना जे सांगितलं तसलंच झाडातही आहे, फक्त शिक्केवाला वेगळा. झाडं काही प्रथिनं सतत बनवतात. एक एन्झाइम त्यांच्या टोकाला ऑक्सिजन चिकटवतं आणि ती मोडीत जातात. ऑक्सिजन संपला की ती टिकतात आणि पुराशी झुंजायची जनुकं चालू करतात. हे २०११ साली कळलं. माणूस आणि झाड यांनी ही युक्ती एकमेकांना न विचारता शोधलेली आहे. ओडिशातल्या एका जुन्या भाताच्या वाणात असं एक प्रथिन सापडलं, जे या मोडीतून निसटतं. ते रोप पाण्यात गेलं की वाढायची धडपड करत नाही, साखर राखून गप्प बसतं, आणि दोन आठवडे बुडूनही पाणी उतरल्यावर पुन्हा फुटतं. तो गुण स्वर्णा भातात आणून २००९ साली आपल्याकडं वाण दिला गेला. सोयाबीनला आणि तुरीला अजून तसा वाण नाही, आणि तूर तर सोयाबीनपेक्षाही हळवी.

बिलाचं म्हणाल, तर गुदमरलेल्या मुळाला टॉनिक पाजून श्वास येत नाही. आधी चर काढून पाणी बाहेर, वापसा आला की हलकी कोळपणी, म्हणजे वरचा पापुद्रा फुटून हवा आत जाईल. मुळं घेत नाहीत तोवर पानांवाटे नत्र मिळावं म्हणून दोन टक्के युरियाची फवारणी. ही स्वस्तातली आहे, म्हणून कदाचित दुकानदाराच्या तोंडी आली नसेल. बुरशीनाशक खोडाला डाग किंवा मूळकूज दिसली तरच. पुढच्या खरिपाला बीबीएफवर पेरा, रुंद वरंब्यावर पीक आणि सरीतून पाणी बाहेर. परभणीचं कृषी विद्यापीठ हे सांगून दमलं आहे. मीही ऐकलं नव्हतं.

प्रश्न : माझा मुलगा फौजेत आहे, सध्या लेहला. सुट्टीवर आला तेव्हा तपासलं, तर हिमोग्लोबिन १८ निघालं. लॅबवाला म्हणाला, रक्त जास्त झालंय, काढून टाका. मला रात्रभर झोप नाही.
– एक आई, बीड जिल्हा

उत्तर : माउली, झोपा. लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. तिथल्या एका श्वासात समुद्रकाठच्या श्वासाच्या दोनतृतीयांशाच्या आसपास ऑक्सिजन मिळतो. मुलाच्या किडनीनं ही कमतरता ओळखली आणि हुकूम सोडला, एवढंच झालंय. घरी काही आठवडे राहिला तर आकडा आपोआप उतरेल. डोकं सतत दुखत असेल, ओठ निळसर दिसत असतील, किंवा आकडा २१ कडं सरकत असेल, तर मात्र फौजेच्या डॉक्टरांना दाखवायचं. बिडी-सिगारेट ओढतो का, तेही हळूच विचारा. त्या धुरातला वायू रक्तातली ऑक्सिजनची जागा अडवतो आणि त्यानंही हिमोग्लोबिन चढतं.

आणि एक नवलाची गोष्ट. पिढ्यान्‌पिढ्या तिबेटात राहणाऱ्यांचं हिमोग्लोबिन तुमच्या मुलाइतकं वाढतच नाही. २०१० साली दिसलं, की त्यांच्यात हिफच्या त्या दुसऱ्या भावंडाचं जनुकच थोडं बदललेलं आहे. रक्त घट्ट होऊ न देता उंचीवर जगायची वाट त्यांच्या रक्तानं शोधली.

प्रश्न : आमच्या वाड्यात ज्वारीचं जुनं पेव, म्हणजे जमिनीतलं कोठार, आहे. आजोबा पेवात माणूस उतरवण्याआधी दोरीनं कंदील सोडायचे. विझला तर उघडं ठेवून थांबायचे. यात शास्त्र आहे का? आता ते साफ करून बुजवायचा विचार आहे.
– एक वाचक, भूम

उत्तर : आहे. ज्वारी जिवंत असते, श्वास घेते, तिच्यातले किडेही घेतात. बंद पेवात ऑक्सिजन संपतो आणि कार्बन डायऑक्साइड साचतो, तो हवेहून जड म्हणून तळाशीच बसतो. त्यानंच सोंडे गुदमरून मरायचे आणि ज्वारी वर्षानुवर्षं टिकायची. हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो. तो १६ च्या आसपास आला की कंदिलाची ज्योत विझते, आणि तेवढ्यावर माणूस अजून उभा असतो. म्हणून कंदील आधी बोलतो.

वर इतकं वर्णन केलेला हिफचा कारभार इथं काही कामाचा नाही. त्याला तास लागतात, पेवात मिनिटंही मिळत नाहीत. झटपट काम करणारा पहारेकरी मानेत आहे, तांदळाच्या दाण्याएवढा, मेंदूकडं जाणाऱ्या धमनीच्या फाट्यावर. त्याचं काम उलगडल्याबद्दल बेल्जियमच्या हेमान्स यांना १९३८ सालचं नोबेल मिळालं. पण ऑक्सिजन अगदीच नसेल तर दोनचार श्वासांत शुद्ध जाते, त्या पहारेकऱ्यानं आरोळी देईपर्यंत माणूस खाली बसलेला असतो. आणि त्याला काढायला जो उतरतो, तोही बसतो.

आजोबांचा कंदील चांगला होता, पण विषारी वायू असेल तर तो सांगत नाही. साफ करायच्या फंदात पडूच नका. झाकण काढून ठेवा, कुणालाही आत उतरवू नका, वरूनच चार ट्रॅक्टर मुरूम सोडा आणि पाणी मारा.